बार्स्टो : मोहावी वाळवंटातील एका वाटेवरच्या शहराची ऐतिहासिक स्थळे

वस्तुसंग्रहालयांविषयी लिहिताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः राजधान्यांकडे आणि मोठ्या नगरांकडे वळते. तेथे संग्रह विपुल असतो, सूची छापलेल्या असतात आणि बहुतेक प्रत्येक वस्तूच्या पाठीशी कोणा तज्ज्ञाचे मत उभे असते. लहान गावातील संग्रहालयाची स्थिती निराळी. तेथे वस्तू जमतात त्या देणगीने, योगायोगाने वा कोणा चिकाटीच्या रहिवाशाच्या हट्टाने. त्यांची निवड कोणत्या तत्त्वावर झाली हे कोठे लिहिलेले नसते. म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी स्थळे अधिक काळजीपूर्वक पाहावी लागतात.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील बार्स्टो ह्या शहराचा व त्याच्या परिसराचा ह्या दृष्टीने विचार करावयाचा आहे. मोहावी वाळवंटात वसलेल्या ह्या शहराची लोकसंख्या २०२० च्या शिरगणतीत २५,४१५ इतकी भरली. लॉस एंजेलिसहून लास व्हेगासकडे जाणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक १५ येथून जातो. क्रमांक ४० येथेच सुरू होऊन थेट अटलांटिक किनाऱ्यावरील विल्मिंग्टनपर्यंत पोचतो. ह्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण येथे पेट्रोल भरण्यापुरते आणि काही खाण्यापुरते थांबतात. भुसावळ किंवा मनमाड हे नाव जसे अनेकांना केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून ठाऊक असते, तसेच हेही. परंतु ह्या थांब्याला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो पाहावयास ठेवलेलाही आहे.

तो पाहताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी असे आम्हांस वाटते. कोणत्याही स्मारकाला दोन तारखा असतात: एक निर्मितीची आणि दुसरी जतनाची. बार्स्टोच्या परिसरात ह्या दोन तारखांमधील अंतर फार बोलके आहे. येथील प्रत्येक वाटेने आपल्या आधीची वाट निकामी केली, आणि बऱ्याच वर्षांनी, स्वतःच्या प्रवाशांना थांबविण्यासाठी, तिचे अवशेष सांभाळले. त्यामुळे आज जे दिसते ते जितके पहिल्या काळाचे आहे, तितकेच दुसऱ्या काळाचेही आहे.

सर्वांत जुनी वाट नदीची. मोहावी नदी सॅन बर्नार्डिनो पर्वतात उगम पावते, समुद्राकडे पाठ फिरवून उत्तरेकडे वाहते आणि अखेर वाळवंटातच जिरून जाते. बार्स्टोजवळ तिचे पात्र वर्षातील बहुतेक दिवस कोरडे असते. पाणी वाळूखालून वाहते आणि खडकाचा अडथळा आला तेथेच वर येते. १८२६ मध्ये ह्या मार्गाने आलेल्या जेडेडाया स्मिथ ह्या फासेपारध्याने तिला ‘अस्थिर नदी’ अशा अर्थाचे नाव दिले होते. त्याच्या पूर्वी, १७७६ मध्ये, फ्रान्सिस्को गार्सेस हा फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक येथून गेला. त्याला वाट दाखविणारे मोहावी लोक होते, आणि नदीकाठी त्याला ज्या वस्त्या भेटल्या त्या सेरानो समाजाच्या वाळवंटी शाखेच्या, म्हणजे व्हान्युमे लोकांच्या. कोलोरॅडो नदीपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत शंखशिंपल्यांचा व्यापार ह्याच मार्गाने चालत असे. तेव्हा गार्सेस किंवा स्मिथ ह्यांनी हा मार्ग ‘शोधला’ असे म्हणणे बरोबर नाही. ते दुसऱ्यांच्या पायवाटेवरून चालले इतकेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्हान्युमे वस्त्या मोडून गेल्या. सेरानो समाजाचे वंशज मात्र आजही दक्षिणेकडील डोंगरांच्या पायथ्याशी राहतात. शहरातील मोठ्या प्रेक्षणीय स्थळांत ह्या पहिल्या वाटेला फारच थोडी जागा मिळाली आहे. तिच्यावरून मागाहून आलेल्या वाहनांनी काही विकत घ्यावे असे तिने मागे काही ठेवले नाही, हेच त्याचे कारण असावे.

नंतर रेल्वे आली. सदर्न पॅसिफिक कंपनीने १८८२–८३ मध्ये मोहावी गावापासून पूर्वेस कोलोरॅडो नदीकाठच्या नीडल्सपर्यंत रूळ टाकले. १८८५ मध्ये काहोन खिंडीतून आलेला दक्षिणेकडील फाटा त्यांना येथे मिळाला. त्या वेळी ह्या जागेचे नाव वॉटरमन जंक्शन होते. जवळच चांदीची खाण चालविणारे आणि पुढे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झालेले रॉबर्ट वॉटरमन ह्यांच्यावरून ते पडले होते. १८८६ मध्ये सँटा फे रेल्वेचे अध्यक्ष विल्यम बार्स्टो स्ट्राँग ह्यांचे नाव गावाला देण्याचे ठरले. पण ‘स्ट्राँग’ हे आडनाव कॅन्सस राज्यातील एका गावाने आधीच घेतलेले होते, म्हणून मधले नाव वापरण्यात आले. स्ट्राँग १८८९ मध्ये अध्यक्षपदावरून गेले, आणि त्यांचे मधले नाव वाळवंटात राहिले.

ह्या काळाची मुख्य वास्तू म्हणजे ‘कासा देल देसिएर्तो’, अर्थात वाळवंटातील घर. हे रेल्वेस्थानक, उपाहारगृह आणि निवासगृह एकत्र असलेले बांधकाम १९११ मध्ये उघडले. त्यापूर्वीची इमारत १९०८ मध्ये आगीत नष्ट झाली होती. लंडनमध्ये १८३५ साली जन्मलेल्या फ्रेड हार्वी ह्यांनी १८७६ पासून सँटा फे रेल्वेच्या मार्गावर उपाहारगृहांची जी मालिका उभारली, तिच्यातील हे एक. (हार्वी स्वतः १९०१ मध्येच वारले होते, त्यांची कंपनी पुढे चालू राहिली.) गाडीत भोजनाचा डबा नसे त्या दिवसांत हार्वींची व्यवस्था मोठी नेटकी होती. गाडीतील किती उतारू जेवणार आहेत हे मार्गरक्षक विचारून घेई व तारेने पुढच्या स्थानकास कळवी. गाडी जेमतेम अर्धा तास थांबे, तेवढ्यात टेबलावर ताजे जेवण मिळे आणि उतारू पुन्हा डब्यात जाऊन बसत. वाढण्याचे काम १८८३ पासून तरुण अविवाहित स्त्रियांकडे सोपविले गेले. घरापासून शेकडो मैल दूर, वेतनावर, कंपनीच्या वसतिगृहात राहून नोकरी करणे ही त्या काळच्या मध्यमवर्गीय मुलींसाठी फार मोठी घटना होती, आणि संग्रहालयांतून ह्या ‘हार्वी मुलीं’चे कौतुक होते ते अस्थानी नाही. मात्र ही संधी जवळजवळ सर्वस्वी गोऱ्या मुलींपुरती होती. रूळ सांभाळणारे मेक्सिकन मजूर आणि स्वयंपाकघरातील मागची माणसे ह्यांची आठवण त्या गणवेशाच्या झगमगाटात सहसा निघत नाही.

इमारतीच्या कर्तृत्वाविषयीही सावधगिरी आवश्यक आहे. पर्यटकांसाठी लिहिलेल्या मजकुरात तिचे श्रेय बहुधा मेरी कोल्टर ह्यांना दिलेले आढळते. हार्वी कंपनीच्या ह्या वास्तुशिल्पी स्त्रीची कीर्ती ग्रँड कॅनियनवरील तिच्या इमारतींमुळे मोठी आहे, त्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे. तथापि आराखडा सांता बार्बरा येथील फ्रान्सिस विल्सन ह्यांचा असावा, अशीच अभ्यासकांची बहुतांशी समजूत आहे. नीडल्सचे १९०८ मधील हार्वीगृह त्यांचेच. मोठ्या नावाकडे कृती ओढली जाते, हा अनुभव आपल्या संतसाहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही.

ह्या स्थानकाची भरभराट ज्या गोष्टींनी संपविली त्यांतील एक गोष्ट खुद्द रेल्वेचीच होती. वाफेच्या इंजिनाला पाणी लागते, आणि ह्या प्रदेशात वर्षाला पाच इंचांच्या आसपास पाऊस. पाण्याच्या टाक्या भरलेल्या आगगाड्या वाळवंटात न्याव्या लागत, आणि मिळे ते पाणी क्षारयुक्त असल्याने बाष्पके खराब होत. म्हणून १९४१ पासून मालगाड्यांसाठी आलेली डिझेल इंजिने सँटा फेने प्रथम विन्स्लो ते बार्स्टो ह्याच पट्ट्यात मुख्यत्वे लावली. पाण्याची अडचण सुटली, पण ज्या कारणासाठी गाड्यांना वारंवार थांबावे लागे तेही नाहीसे झाले. पुढे मोटारी आणि विमाने ह्यांनी उतारूही नेले. इमारत ओस पडली. १९७५ मध्ये तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली, पण यादीत नाव आल्याने छप्पर गळायचे थांबत नाही. पुढे नगरपालिकेने ती ताब्यात घेतली. डागडुजीच्या काळातच १९९२ चा लँडर्स येथील भूकंप झाला आणि भिंतींना हानी पोचली. अखेर १९९९ मध्ये ती पुन्हा उघडली. आज तिच्या एका भागात पश्चिम अमेरिकेचे रेल्वे संग्रहालय आहे. बाहेर उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांत सँटा फेचे ९५ क्रमांकाचे डिझेल इंजिन दिसते, म्हणजे ज्या यंत्राने ह्या घराचे महत्त्व घालविले त्याच्याच वंशातील एक यंत्र त्याच्या अंगणात जपून ठेवले आहे. शिकागो–लॉस एंजेलिस मार्गावरची प्रवासी गाडी अजूनही येथे थांबते. संग्रहालयाचे काम मुख्यतः स्वयंसेवकांवर चालते, आणि ते आठवड्याच्या ठराविक दिवशीच उघडे असते. जाणाऱ्याने आधी चौकशी करावी हे उत्तम.

त्याच इमारतीच्या दुसऱ्या भागात ४ जुलै २००० रोजी ‘मदर रोड’ संग्रहालय सुरू झाले. हा ‘मातृमार्ग’ म्हणजे शिकागो ते सांता मोनिका हा सुमारे २,४०० मैलांचा राष्ट्रीय मार्ग क्रमांक ६६. तो १९२६ मध्ये आखला गेला आणि १९८५ मध्ये अधिकृत यादीतून काढला गेला. जॉन स्टाइनबेक ह्यांच्या १९३९ च्या कादंबरीने त्याला हे नाव मिळवून दिले. त्यापूर्वीच रेल्वेने आपले यार्ड वाढविल्यामुळे रुळांजवळची बाजारपेठ दक्षिणेच्या उंचवट्यावर सरकली होती. तीच मेन स्ट्रीट पुढे ह्या मार्गाचा भाग झाली. त्यामुळे आजचा पाहुणा मेन स्ट्रीटवरून निघून रुळांवरील पूल ओलांडतो, तेव्हा नकळत शहराच्या दुसऱ्या पिढीकडून पहिल्या पिढीकडे जात असतो.

मार्ग ६६ ची संग्रहालये आज जगभर लोकप्रिय आहेत, आणि त्यांत जुने पेट्रोल पंप, मोटारी, निऑन दिव्यांच्या पाट्या पुष्कळ असतात. ह्या सामग्रीत एक मोकळ्या प्रवासाची मोहिनी आहे, हे मान्य करावे. परंतु १९३० नंतरच्या दुष्काळात ओक्लाहोमा, आर्कान्सा वगैरे भागांतून जी कुटुंबे ह्या रस्त्याने आली, त्यांना ही मोहिनी जाणवली नसावी. १९३६ च्या आरंभी तर लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखाने शेकडो मैल दूर राज्याच्या सीमेवर आपली माणसे उभी करून निष्कांचन लोकांना परत फिरविले होते. कृष्णवर्णीय प्रवाशांना कोठे उतरता येईल, कोठे जेवता येईल ह्याची यादी देणारे ‘ग्रीन बुक’ त्याच वर्षापासून निघू लागले आणि १९६०च्या दशकाच्या मध्यानंतरपर्यंत निघत राहिले. ह्या मार्गावरील गावांसाठीही ते लागत होते. रस्त्याच्या संग्रहालयात रस्त्यावर अडविल्या गेलेल्यांनाही स्थान हवे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. मेन स्ट्रीटवरील ‘एल रँचो’ हे मोटेल मात्र मुद्दाम पाहण्यासारखे आहे. टोनोपा आणि टाइडवॉटर ही वाळवंटातील खाणींसाठी बांधलेली रेल्वे १९४० मध्ये बंद पडली; तिचे लाकडी स्लीपर वापरून ते उभारले गेले. एका वाटेने दुसरीच्या हाडांवर घर बांधले, ते येथे शब्दशः दिसते.

शहरापासून काही मैलांवर, डोंगराच्या कुशीत, कॅलिको हे ओसाड खाणगाव आहे. परिसरातील सर्वांत जास्त पाहुणे तेथेच जातात, आणि आमच्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याने सर्वांत अधिक वेळ तेथेच द्यावा. मात्र कारण वेगळे. १८८१ मध्ये येथे चांदी सापडली. काही वर्षांतच डोंगर पोखरला गेला. सुमारे ५०० खाणी झाल्या, आणि गावात हजाराहून अधिक लोक राहू लागले. डोंगराच्या रंगीबेरंगी थरांवरून ‘कॅलिको’ हे नाव पडले. कॅलिको म्हणजे छापील सुती कापड, आणि तो शब्द इंग्रजीत आला तो आपल्या मलबार किनाऱ्यावरील कालिकतवरून. कोझिकोडच्या बंदरातून गेलेल्या कापडाचे नाव मोहावीतील एका डोंगराला चिकटावे, ही शब्दांच्या प्रवासातील मौजेची गोष्ट आहे.

ह्या गावाच्या अंताशी मात्र हिंदुस्थानचा संबंध केवळ शब्दापुरता नाही. १८७० नंतर चांदीचा भाव जगभर उतरत होता. अमेरिकेच्या सरकारने १८९० च्या कायद्याने दरमहा चांदी खरेदी करून तो तोलून धरण्याचा यत्न केला. दुसऱ्या बाजूला मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळी कोणीही आणून दिलेल्या चांदीचे रुपये पाडून देत, त्यामुळे हिंदुस्थान हे चांदीचे एक मोठे गिऱ्हाईक होते. जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने ह्या टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. काही दिवसांतच चांदीचा भाव कोसळला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेने खरेदीचा कायदाही रद्द केला. पूर्वी औंसाला एका डॉलरहून अधिक असलेला भाव १८९४ पर्यंत साठ-पासष्ट सेंटांवर आला. कॅलिकोची खनिजे ह्या भावाला परवडणारी नव्हती. लोक निघून गेले; १८९८ मध्ये डाकघर बंद झाले. जवळच्या डोंगरात टाकणखाराचे उत्पादन आणखी काही वर्षे चालले, पण त्याने हे गाव तगले नाही. मुंबईच्या टांकसाळीचा दरवाजा आणि कॅलिकोच्या खाणीचे तोंड ह्यांत हा असा कार्यकारणसंबंध आहे. अर्थात त्या एका आज्ञेनेच गाव मेले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भाव आधीच घसरत होता आणि उत्तम धातूचे थर संपत आले होते. पण गावातून हिंडणाऱ्या पाहुण्याला हे गाव स्थानिक दुर्दैवाने ओसाड झाले असे वाटते, ते खरे नव्हे.

आता दुसरी तारीख. वॉल्टर नॉट हे दक्षिण कॅलिफोर्नियातील बेरीच्या शेतीमुळे व पुढे आपल्या करमणूक-उद्यानामुळे प्रसिद्ध झालेले गृहस्थ. त्यांचे चुलते येथील सिल्व्हर किंग खाणीचे एक मालक होते, आणि तरुणपणी नॉट स्वतःही येथे काम करून गेले होते. १९४० पासून त्यांनी ब्यूना पार्क येथील आपल्या शेतावर जुन्या पश्चिमेचे एक कृत्रिम ‘भुताचे गाव’ उभारले. १९५१ मध्ये त्यांनी खरे कॅलिकोच विकत घेतले. मूळच्या पाच इमारती वगळता बाकीच्या जुन्या छायाचित्रांच्या आधारे १८८० च्या सुमाराच्या धाटणीने पुन्हा उभ्या केल्या, आणि १९६६ मध्ये सर्व गाव सॅन बर्नार्डिनो परगण्याला देऊन टाकले. येथील क्रम पाहण्यासारखा आहे. नक्कल आधी झाली आणि मूळ गावाचा जीर्णोद्धार मागाहून, नक्कल करणाऱ्याच्याच हाताने. आज कॅलिकोत जे ‘पश्चिमेचे गाव’ दिसते, त्यावर १८८१ इतकीच १९५१ च्या अभिरुचीची छाप आहे. नॉट ह्यांना दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी हात घातला नसता तर बहुधा काही भिंती आणि खाणींची तोंडेच उरली असती. पण कोणती भिंत कोणत्या सालची हे पाहुण्याला जागोजागी स्पष्ट सांगितले जावे, इतकी मागणी रास्त आहे. ज्याला संशय न धरता काही पाहावयाचे असेल त्याने मॅगी खाणीच्या बोगद्यात जावे, किंवा ल्यूसी लेन ह्यांच्या घरात. लहानपणी ह्या गावात आलेल्या ह्या बाई गाव ओस पडल्यानंतरही तेथे राहिल्या आणि १९६०च्या दशकात वारल्या. ज्या गावाला सर्वजण मेलेले म्हणत, त्यात एक घर चालू होते.

कॅलिकोच्या पूर्वेस, यर्मो गावाच्या पलीकडे, आणखी एक स्थळ आहे. तेथे दोन तारखांतील अंतर सर्वांत अधिक ताणले गेले आहे. पुरातत्त्वज्ञ रूथ सिम्प्सन ह्यांना येथील दगडगोट्यांच्या थरांत मानवी हत्यारांसारखे तुकडे मिळाले. त्यांनी ते पूर्व आफ्रिकेतील उत्खननांनी विख्यात झालेले लुई लीकी ह्यांना दाखविले, आणि १९६४ मध्ये लीकींच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन सुरू झाले. खोल चौकोनी खड्डे अतिशय काळजीपूर्वक खणले गेले, हजारो तुकडे निवडले गेले. पुढे ज्या थरांतून ते आले त्यांचे वय सुमारे दोन लक्ष वर्षे मोजले गेले. हे तुकडे खरोखर हत्यारे असती, तर अमेरिकेतील मानवाचा इतिहास मुळापासून पुन्हा लिहावा लागला असता.

परंतु व्हान्स हेन्स ह्या भूशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये घेतलेला आक्षेप आजही टिकून आहे. पुराच्या लोंढ्यात दगड दगडावर आपटून ज्या कडा निघतात, त्यांतल्या काही हत्यारांसारख्या दिसणारच. लक्षावधी तुकड्यांतून मोजके निवडले, तर निवडणाऱ्याच्या मनातील आकार हाती लागतो. जवळपास चूल नाही, हाडे नाहीत, वस्तीची दुसरी कोणतीही निःसंशय खूण नाही. आज न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे सापडलेल्या पाऊलखुणांचे वय २१,००० ते २३,००० वर्षे असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हाही केवढा वाद झाला! त्यापुढे दोन लक्ष वर्षांचा दावा बहुतेक विद्वानांना मान्य होण्यासारखा नाही. लीकी १९७२ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी मेरी लीकी, ज्या स्वतः मोठ्या संशोधक होत्या, त्यांचा ह्या दाव्यावर कधीच विश्वास बसला नाही. पती-पत्नींच्या दुराव्याच्या कारणांत त्यांनी पुढे कॅलिकोचीही गणना केली आहे.

तरीही १९७३ मध्ये ह्या स्थळाची नोंद राष्ट्रीय यादीत झाली, आणि ती व्हावी हे योग्यच होते असे आम्ही म्हणू. तेथील दगड कदाचित कोणाच्याच हातचे नसतील, पण खड्डे निश्चितपणे माणसाच्या हातचे आहेत, आणि विसाव्या शतकातील संशोधनाच्या इतिहासाचे ते अस्सल साधन आहेत. अनुमान कोठे निसटते हे पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला शिकवावयाचे असेल, तर ह्याहून चांगले ठिकाण क्वचितच मिळेल.

शहरात परतल्यावर व्हर्जिनिया वे ह्या रस्त्यावरील मोहावी नदी-खोरे संग्रहालय पाहावे. ते लहान आहे, मोफत आहे आणि स्थानिक लोकच ते चालवितात. मांडणीत शिस्त शोधू नये. जीवाश्म, खनिजे, मूलनिवासी लोकांच्या वस्तू, रेल्वेचे आणि खाणींचे सामान, जुनी छायाचित्रे हे सर्व एकाच छपराखाली दाटीने आहे. पण मोठ्या स्थळांनी जे गाळले त्यातील पुष्कळ काही येथेच सापडते, कारण हे संग्रहालय वाटसरूंनी वा वाटसरूंसाठी उभारलेले नाही. ह्या गावात राहिलेल्यांनी ते आपल्यासाठी मांडले आहे. तेथून बाहेर पडून उत्तरेकडे गेले की नदीचे पात्र लागते. मोठा पाऊस झालेल्या एखाद्या वर्षी ते भरून वाहते. एरवी पांढरी वाळू, तिच्या काठाने जाणारे रूळ, आणि दूरवर महामार्ग.